अंतरालांचा छेद
(संगणकशास्त्र). चढत्या क्रमातील दोन याद्यांमधल्या अंतरालांचे सामाईक भाग शोधण्याची रीत. एकाच यादीतील अंतराल परस्परांपासून अलग असावे लागतात. दोन्ही याद्यांच्या आरंभी एकेक दर्शक ठेवतात. समोरासमोरच्या अंतरालांचा मोठा आरंभ लहान अंताच्या पुढे नसेल, तर त्या दोहोंमधला भाग सामाईक असतो. मग ज्याचा अंत आधी, त्याचा दर्शक पुढे सरकवतात. कारण दुसऱ्या यादीतील पुढचा कोणताही अंतराल त्याला गाठू शकत नाही. उदा., [१, ४], [६, १०] आणि [३, ७], [९, १२] यांतून [३, ४], [६, ७], [९, १०] मिळतात. लांबी म आणि न असल्यास सर्व जोड्या तपासायला म×न तुलना लागतात. येथे जास्तीत जास्त म+न−१ पुरतात. दोघांच्या वेळापत्रकांतील सामाईक मोकळा वेळ याच रीतीने निघतो.