एक फ्रेम, तीन दावेदार

मोबाइलमधल्या ग्राफिक्सचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. खरे तर तो मालकीच्या भांडणाचा इतिहास आहे. डेस्कटॉपवरच्या ग्राफिक्स कार्डाला बहुधा स्वतःची मेमरी असते. मोबाइलच्या चिपमध्ये मात्र प्रोसेसर, जीपीयू, कॅमेरा आणि डिस्प्ले सगळे एकाच रॅमवर जगतात. कॅमेऱ्याने टिपलेली १९२० बाय १०८० ची एक फ्रेम एनव्ही१२ स्वरूपात सुमारे ३१ लाख बाइट व्यापते, म्हणजे ४ केबीची ७६० पेजेस. सेकंदाला अशा ३० फ्रेम्स. प्रत्येकीची नक्कल करत बसलो तर बॅटरीही जाते आणि मेमरी बसही अडते. म्हणून फ्रेम जागीच ठेवून कॅमेरा, जीपीयू आणि डिस्प्ले या तिघांनी तीच वापरायची. त्यातून ज्याच्यापुढे आयओएमएमयू (विखुरलेली पेजेस यंत्राला सलग भासवणारा घटक) नाही त्या यंत्राला ही पेजेस रॅममध्ये सलग हवीत, आणि फोन बराच वेळ चालला की एवढी सलग जागा मिळणे मुश्किल होते.

सुरुवातीला यावर उपाय निघाला तो बूट होतानाच रॅमचा तुकडा बाजूला काढून ठेवण्याचा. अँड्रॉइडमध्ये पीमेम आला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा सीमेम, एनव्हिडियाचा एनव्हीमॅप, माली जीपीयूसाठी यूएमपी. कॅमेरा बंद असला तरी राखीव जागा अडून राही, आणि एकाचा बफर दुसऱ्याला कळत नसे. २००८ च्या लिनक्स २.६.२८ कर्नलमध्ये बफर सांभाळणारे जेम आले होते, पण ते जीपीयूपुरते. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर कर्नलच्या वेगळ्याच विभागात. कंपन्यांची बाजूही रास्त होती: एका चिपसाठी बेतलेला ड्रायव्हर लवकर तयार होतो आणि फोन वेळेत बाजारात जातो. पण पुढचा कर्नल आला की तेच काम पुन्हा करावे लागे. शिवाय सीमेमसारखी पद्धत अ‍ॅप्लिकेशनच्या हाती थेट भौतिक पत्ता देई, हा सुरक्षेला उघड धोका होता.

२०११ मध्ये एआरएम चिप्सवरील लिनक्ससाठी काम करणाऱ्या लिनारो या संस्थेच्या पुढाकाराने बुडापेस्टला या विषयावर बैठक झाली. २०१२ मध्ये सुमित सेमवाल यांचे डीएमए-बफ ३.३ कर्नलमध्ये दाखल झाले, आणि त्याच वर्षी ३.५ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांचे सीएमए. सीएमए राखीव जागा एरवी इतरांना वापरू देते आणि यंत्राने मागितली की तिथली पेजेस हलवून ती मोकळी करते. डीएमए-बफने जागा कशी मिळवायची हा प्रश्न बाजूला ठेवून ती सोपवायची कशी एवढेच ठरवले. बफर म्हणजे एक फाइल डिस्क्रिप्टर. तो सॉकेटवरून दुसऱ्या प्रोसेसला देता येतो, आणि शेवटचा वापरणारा सुटला की कर्नल जागा परत घेतो. या मर्यादेतच डीएमए-बफचे मोठेपण आहे.

यावर कुणी म्हणेल, प्रत्यक्षात फोन चालवले ते आयऑन या गुगलच्या मेमरी-वाटप व्यवस्थेने. अँड्रॉइड ४.० पासून ते खरेच सर्वत्र होते, पण पुढे बफर वाटून घेण्यासाठी आयऑनलाही डीएमए-बफचाच आधार घ्यावा लागला. स्वतः आयऑन मात्र कर्नलच्या स्टेजिंग या कच्च्या कोडच्या विभागातून कधी बाहेर पडले नाही. २०२० मध्ये ५.६ कर्नलमध्ये जागा मिळवण्याचे तेच काम करणारे डीएमए-बफ हीप्स आले आणि २०२१ च्या ५.११ मधून आयऑन काढून टाकण्यात आले.