फळ्यांची दुकानं

सोसायटीचा इतिहास कमिटीची मंडळी लिहितीलच. मी त्याआधीचं थोडं लिहितो. आपल्यापैकी बरीच कुटुंबं इकडे येण्यापूर्वी गुलमंडी, रंगारगल्ली, सराफा नाहीतर जुन्या मोंढ्यात राहायची. खाली दुकान, वर घर.

बँकेत माझ्याकडे कॅश क्रेडिटचं काम होतं. दर महिन्याला स्टॉक तपासायला याच दुकानांत जायचो. पोती मोजायची, कापडाची ठाणं मोजायची, चहा घ्यायचा, सही करायची. मान वर करून दुकानाकडे मात्र कधी बघितलं नाही. रिटायर झाल्यावर मुलाने कॅमेरा घेऊन दिला, तेव्हा सकाळी सातला जाऊन फोटो काढू लागलो. त्या वेळी समोर दुचाक्या नसतात, हे खरं कारण! पॅरिसमध्ये १९०० च्या सुमारास आत्जे नावाच्या गृहस्थाने हेच केलं. त्याचे फोटो लायब्ऱ्या विकत घेत. माझे घरचेसुद्धा बघत नाहीत.

जुन्या दुकानांना शटर नव्हतं, लाकडी फळ्या होत्या. प्रत्येक फळीवर नंबर, कारण क्रम चुकला की बसत नाहीत. पाट्यांवरून काळ कळतो. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत, त्यामुळे उर्दू अक्षरं वर. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तशी मराठी वर चढली. एखाद्या पाटीचा रंग उडाला की खालची उर्दू अजून डोकावते. एका किराणा दुकानात मला आजोबांची वही दाखवली. त्यात हाली आणि कलदार असे दोन रकाने. सात हाली म्हणजे सहा कलदार! हा हिशेब ते तोंडी करायचे.

एका कापडवाल्या काकांनी मात्र फोटोला साफ नकार दिला. "साहेब, पुन्हा नोटीस काढता का काय?" थकबाकीच्या नोटिशीवर एके काळी माझीच सही होती. मी खाली मान घालून निघालो, पण रस्त्यापलीकडून गुपचूप एक फोटो काढलाच. चूक होती ती.

पुढे रस्ता रुंदीकरणात दुकानाचा पुढचा भाग गेला. काका आता मुलाकडे, आपल्याच सोसायटीत राहतात. दोन वर्षं धीर होत नव्हता. गेल्या दिवाळीत तो फोटो मोठा करून घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ फोटोवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "फळ्या अकरा होत्या. इथं दहाच दिसतात."

अकरावी विजेच्या खांबामागे गेली आहे.

तुमच्या अल्बममध्ये दुकानासमोरचा एखादा फोटो असेल, वरातीचा, लक्ष्मीपूजनाचा, कसलाही, तर मला द्या. स्कॅन करून दुसऱ्या दिवशी परत करीन. काकांच्या दुकानाचा उजवीकडून घेतलेला मिळाला तर आधी तो हवा आहे.