पानगळीचें अंगण

ज्या घरापुढचें अंगण झाडलेलें, त्या घरांतील माणसें नेटकीं, असा समज बहुतेक देशांत आहे. महाराष्ट्रांत पहाटेच्या सड्याला व झाडलोटीला गृहिणीच्या दक्षतेची खूण मानतात. अमेरिकेंत तोच मान कापलेल्या हिरवळीला मिळाला. तेथें ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत मेपल, ओक, बर्च इत्यादि वृक्षांचीं पानें पिवळीं-तांबडीं होऊन गळतात. कडाक्याची थंडी पडण्यापूर्वीं हा पाचोळा उचलून टाकणें, वाळलेलीं फुलझाडें मुळाशीं कापणें आणि जमीन उघडी व स्वच्छ करून ठेवणें हें तेथील सद्गृहस्थाचें कर्तव्य ठरून गेलें. या कर्तव्याविषयीं त्या देशांत जो विचारपालट होत आला आहे, त्याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण बोधप्रदहि आहे. कारण वरवर पाहतां हा प्रश्न बागकामाचा दिसला, तरी मुळांत तो ‘स्वच्छता कशाला म्हणावें’ हा आहे. आणि त्याच्या उत्तरावर असंख्य पांखरांचें व कीटकांचें जगणें-मरणें अवलंबून आहे.

या कथेचा आरंभ गवतापासून होतो. अठराव्या शतकांत इंग्लंडमधील जमीनदारांच्या वाड्यांपुढें हिरवळीचीं विस्तीर्ण मैदानें असत. तीं मेंढ्या चारून किंवा मजुरांकडून मोठ्या विळ्यांनीं कापवून राखावीं लागत. म्हणून हिरवळ हें वैभवाचें लक्षण होतें. १८३० सालीं स्ट्राउड येथील एडविन बडिंग या कारागिरानें लोंकरीच्या कापडाची लव छाटणाऱ्या यंत्रावरून कल्पना घेऊन गवत कापण्याचें यंत्र तयार केलें, आणि जमीनदाराचें वैभव हळूहळू मध्यम वर्गाच्या आटोक्यांत आलें. पुढें अमेरिकेंत उपनगरें वाढूं लागलीं, तेव्हां फ्रँक स्कॉट या लेखकानें १८७० मध्यें उपनगरांतील आवारांच्या शोभेवर एक ग्रंथ लिहून, गुळगुळीत कापलेली हिरवळ हाच त्या शोभेचा पाया होय असें प्रतिपादन केलें. इतकेंच नव्हे, तर आपल्या आवाराचें सौंदर्य कुंपण घालून शेजाऱ्याच्या दृष्टीआड करणें हें धर्माला सोडून आहे, असाहि त्याचा आग्रह होता. अशा रीतीनें हिरवळ ही शेजारधर्माची बाब झाली. जो गवत माजूं देतो तो आळशी, आणि जो आळशी तो वाईट शेजारी, हें समीकरण पुढें अनेक नगरपालिकांच्या तणविषयक नियमांतहि शिरलें. गंमत अशी कीं, ज्या गवताला तेथें ‘केंटकी ब्लूग्रास’ म्हणतात तें मुळीं केंटकीचें नाहींच. तें युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर तेथें पोंचलें.

ज्या भूमीवर हें पाहुणें गवत पसरलें तिचें स्वतःचें गवत निराळें होतें. अमेरिकेच्या मध्यभागीं प्रेअरी नांवाचीं अफाट गवताळ मैदानें होतीं. त्यांत माणसाहून उंच गवतें आणि शेंकडों जातींचीं फुलझाडें नांदत. कांहींचीं मुळें दहा-पंधरा फूट खोल जात. तेथील मूळ रहिवासी वेळोवेळीं आग लावून हीं मैदानें मोकळीं व ताजीं राखीत. १८३७ सालीं जॉन डीअर या लोहारानें इलिनॉय संस्थानांत पोलादी नांगर केला. प्रेअरीची चिकट माती त्याच्या फाळाला धरून राहीना, आणि कांहीं दशकांतच मैदानामागून मैदान पिकाखालीं गेलें. इलिनॉयमध्यें एकें काळीं सुमारें २ कोटी २० लक्ष एकर प्रेअरी होती. तिचा चांगल्या स्थितींतला भाग आज हजारांत एक एवढाहि उरलेला नाहीं. जेथें नांगर पोंचला नाहीं अशा रेल्वेच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींच्या कोपऱ्यांत काय तें तिचें अस्तित्व राहिलें.

या ऱ्हासाची ज्यांना खंत वाटली त्यांत एक परदेशस्थच होता. जेन्स जेन्सन याचा जन्म १८६० सालीं डेन्मार्कमध्यें झाला. १८८४ मध्यें तो अमेरिकेंत आला आणि शिकागो शहराच्या सार्वजनिक बागांत साधा मजूर म्हणून कामाला लागला. त्या काळच्या रीतीप्रमाणें त्यानेंहि प्रथम परदेशी शोभेचीं झाडें लावलीं. परंतु तीं तेथील हवेंत व मातींत टिकेनात. तेव्हां तो गाडी जोडून शहराबाहेरच्या प्रेअरींत गेला, रानांतलीं फुलझाडें मुळासकट काढून आणलीं, आणि १८८८ सालीं युनियन पार्कमध्यें ‘अमेरिकन गार्डन’ या नांवाचा एक लहानसा भाग सजविला. शेतकऱ्यांनीं तण म्हणून उपटलेल्या वनस्पतींची ती बाग होती. लोकांना ती आवडली. पुढें जेन्सन मोठा उद्यानकार झाला. शिकागोच्या कोलंबस पार्कमध्यें त्यानें प्रेअरीची सपाटी, संथ वाहणारी नदी व रानटी सफरचंदाचा मोहर यांची आठवण उभी केली. १९५१ सालीं तो वारला, तोंपर्यंत त्याचा हा मार्ग एका संप्रदायाला पोंचला होता.

जें काम जेन्सननें कलावंताच्या दृष्टीनें केलें, तेंच दोन शिक्षिकांनीं शास्त्राच्या बाजूनें केलें. मिनियापोलिस येथें इलोइझ बटलर या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिकेच्या खटपटीनें १९०७ सालीं सार्वजनिक रानफुलांची बाग निघाली. ती आजहि चालू आहे. न्यूयॉर्क संस्थानांतील व्हॅसार कॉलेजांत ईडिथ रॉबर्ट्स यांनीं १९२० मध्यें कॉलेजच्या पडीक जमिनीवर उघडी प्रयोगशाळा काढली, आणि त्या जिल्ह्यांतील वनस्पति एकेकट्या न लावतां, ओकच्या छायेंतल्या ओकखालीं, पाणथळींतल्या पाणथळींत, अशा त्यांच्या सोबत्यांसह लावल्या. १९२९ सालीं त्यांनीं एल्सा रेमन या उद्यानकर्त्रीच्या साह्यानें अमेरिकन बागांसाठीं अमेरिकन वनस्पति या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळीं हें सांगणें आवश्यकच होतें. अमेरिकेच्या रानांत शरदऋतूंत फुलणारे ॲस्टर इंग्लंडांत नेऊन तेथील माळ्यांनीं जोपासले, आणि इंग्लंडांत त्यांना कीर्ति मिळाल्यावर मग ते अमेरिकेच्या बागांत मानानें परत आले. आपल्याच दारचें फूल विलायतेहून फिरून आल्याशिवाय गोड लागत नाहीं, हा अनुभव कांहीं एकाच देशाचा नव्हे.

याच मालिकेंतला पुढचा टप्पा विस्कॉन्सिन विद्यापीठाचा. मॅडिसन येथें विद्यापीठानें १९३४ सालीं एक वनोद्यान स्थापन केलें. मंदीच्या काळांत बेकार तरुणांसाठीं सरकारनें काढलेल्या पथकांच्या हातून १९३५ पासून तेथील जुन्या शेतजमिनीवर प्रेअरी पुन्हां लावण्याचें काम सुरू झालें. गेलेलें मैदान हातानें पुन्हां पेरण्याचा तो जगांतील पहिल्या प्रयत्नांपैकीं एक होय. त्या कामाच्या प्रेरकांपैकीं आल्डो लिओपोल्ड यांनीं आपल्या ग्रंथांत एका दफनभूमीच्या कोपऱ्यांत उरलेल्या एकुलत्या एका प्रेअरीच्या रोपट्याची हकीकत लिहिली आहे. रस्ता साफ करणाऱ्यांनीं कुंपण काढून तेंहि कापलें. लिओपोल्ड १९४८ सालीं शेजाऱ्याच्या शेतांतील आग विझवितांना वारले, आणि तो ग्रंथ पुढल्या वर्षीं त्यांच्या पश्चात् बाहेर पडला.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. ‘देशी’ या शब्दांत जसें प्रेम आहे तसा अहंकारहि लपूं शकतो. त्याच सुमारास जर्मनींत नाझी राजवटीखालीं देशी वनस्पतींचा अभिमान वंशाभिमानाशीं जोडला गेला, आणि १९४२ मध्यें तेथील कांहीं वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तेरड्याच्या कुळांतील एका लहानशा परदेशी रोपट्याविरुद्ध संहाराचें युद्ध पुकारण्याची भाषा केली. जेन्सनच्या लिखाणांतहि वंशाभिमानाचा हा सूर कोठें कोठें ऐकूं येतो. देशी झाड कां लावावें याचें खरें उत्तर त्याच्या कुळांत नसून, त्याच्यावर कोण जगतें यांत आहे. हें उत्तर मिळावयास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. आणि त्याची पहिली दुःखद सूचना पाचोळ्यानेंच दिली.

१९५४ सालीं मिशिगन संस्थानांत विद्यापीठाच्या आवारांतील एल्म वृक्षांवर रोग पसरविणाऱ्या भुंगेऱ्यांना मारण्यासाठीं डीडीटी फवारण्यास सुरुवात झाली. पुढच्या वसंतांत रॉबिन पक्षी परतले आणि तडफडून मरूं लागले. जॉर्ज वॉलेस या पक्षिशास्त्रज्ञानें ही गोष्ट नोंदविली, आणि इलिनॉयमधील रॉय बार्कर या संशोधकानें तिचा माग लाविला. औषध पानांवर बसलें. शरदांत पानें गळलीं. गांडुळांनीं तो पाचोळा खाल्ला. आणि वसंतांत रॉबिननें तीं गांडुळें टिपलीं. रेचल कार्सन यांनीं १९६२ सालीं ही साखळी आपल्या ग्रंथांत मांडली तेव्हां सारा देश हादरला. जें पान मेलें म्हणून लोक उचलून जाळीत, तें शरदांतून वसंतांत जाणारा अन्नाचा पूल होतें, हें विषानें सिद्ध केलें.

विस्कॉन्सिनमधील बेसाइड गांवच्या लॉरी ऑटो या गृहिणीनें डीडीटीविरुद्ध चळवळ केली, आणि १९७० सालीं त्या संस्थानांत त्यावर बंदी आली. याच बाईंनीं आपल्या आवारांतली हिरवळ काढून नेचे, ॲस्टर, गोल्डनरॉड वाढविले होते; गांवच्या कामगारांनीं तण समजून ते कापून टाकले, तरी त्यांनीं पुन्हां लावले. त्यांच्या व्याख्यानांच्या प्रेरणेनें १९७९ मध्यें मिलवॉकी येथें ‘वाइल्ड वन्स’ ही संस्था निघाली. बिचाऱ्या गोल्डनरॉडवर तर दुहेरी आळ होता. शरदांत अनेकांना शिंका व डोळ्यांना पाणी येतें, त्याचा दोष या पिवळ्या फुलाला देत. खरा अपराधी त्याच वेळीं फुलणारी, नजरेंत न भरणारी रॅगवीड ही वनस्पति होय, कारण तिचे पराग वाऱ्यावर उडतात आणि गोल्डनरॉडचे कीटकांच्या अंगाला चिकटून जातात.

डेलावेअर विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनीं २००७ सालच्या आपल्या पुस्तकांत या साऱ्याचें मर्म सोपें करून सांगितलें. सुरवंट कोणतेंहि पान खात नाहींत. ज्या झाडाशीं त्यांच्या पूर्वजांचा हजारों वर्षांचा परिचय, त्याचेंच पान त्यांना पचतें. त्या भागांतील ओकवर पांचशेंहून अधिक जातींचे सुरवंट पोसले जातात. चीनहून आणलेल्या गिंको वृक्षावर जवळजवळ कोणीच नाहीं. आणि चिकडी हा मूठभर पक्षी पिलांचें एक वेत वाढवितांना सहा ते नऊ हजार सुरवंट आणतो. वॉशिंग्टनच्या उपनगरांतील पाहणींतून २०१८ सालीं असें दिसलें कीं, आवारांतील परकीं झाडें तीस टक्क्यांहून अधिक झालीं म्हणजे चिकडीची संख्या टिकत नाहीं. १९७० नंतरच्या सुमारें पन्नास वर्षांत उत्तर अमेरिकेंतील जवळजवळ ३०० कोटी पक्षी कमी झाले, हा २०१९ चा हिशेब पाहिला म्हणजे अंगणाचें महत्त्व ध्यानांत येतें. अमेरिकेंत हिरवळीखालीं सुमारें चार कोटी एकर जमीन आहे, असा अंदाज २००५ मध्यें निघाला होता. एवढी मोठी भूमि कोणा एका राजाच्या हातीं नसून लक्षावधि गृहस्थांच्या हातीं आहे.

मोनार्क फुलपांखराची कथाहि अशीच. त्याचा सुरवंट मिल्कवीड या दुधाळ वनस्पतीशिवाय दुसरें कांहीं खात नाहीं. ही वनस्पति रुईच्या कुळांतली, आणि महाराष्ट्रांत रुईवर वाढणारें केशरी फुलपांखरू मोनार्कच्याच गणांतलें; त्यामुळें मराठी वाचकाला हें नातें परकें वाटूं नये. उन्हाळ्याच्या अखेरीस जन्मलेली मोनार्कची पिढी, पूर्वीं कधीं न पाहिलेल्या मेक्सिकोच्या डोंगरांकडे हजारों मैल उडत जाते. तें ठिकाण शास्त्रज्ञांना १९७५ सालीं सांपडलें. वाटेंत तिला शिधा पुरवितात तीं गोल्डनरॉड व ॲस्टर हीं शरदांतलीं ‘तणें’. १९९६–९७ च्या हिंवाळ्यांत या फुलपांखरांनीं मेक्सिकोंत सुमारें १८ हेक्टर वन व्यापलें होतें. २०१३–१४ मध्यें पाऊण हेक्टरहि नव्हतें. तणनाशकांनीं शेतांतलें मिल्कवीड नाहींसें केलें, हें त्याचें एक मोठें कारण.

मग पानगळींत गृहस्थानें करावें काय? बरेंचसें करूं नये, हेंच उत्तर आहे. लूना नांवाचा फिकट हिरवा मोठा पतंग पानांत कोश विणून पानाबरोबरच खालीं येतो. फ्रिटिलरी फुलपांखराचा नुकता जन्मलेला सुरवंट व्हायोलेटच्या रोपांजवळ पाचोळ्यांत, कांहीं न खातां, सारा हिंवाळा काढतो. भुंग्यांची राणी कांहीं इंच मातीखालीं निजते, आणि कांहीं चिमुकल्या माश्या वाळक्या दांड्यांच्या पोकळींत थंडी घालवितात. कोनफ्लॉवरचीं सुकलेलीं बोंडें गोल्डफिंच पक्षी टिपतात. म्हणून पाचोळा पायवाटेवरून व हिरवळीवरून काढून झाडांच्या बुंध्याशीं व फुलांच्या वाफ्यांत पसरावा. यंत्रांत घालून त्याचा चुरा करूं नये. दांडे उभे ठेवावे, आणि वसंतांत कापतांना हात-दीड हात उंचीचे खुंट राखावे. रोगट झाडें मात्र काढावींच. देशी झाडांचें बी पेरण्यासहि हाच काळ योग्य, कारण त्यांतील अनेकांना थंडी सोसल्याशिवाय अंकुर फुटत नाहीं.

जुन्या सवयीपुढें हें ज्ञान एकटें पुरलें नसतें. पूर्वीं लोक पाचोळा रस्त्याच्या कडेला जाळीत. धुराविरुद्ध कायदे झाल्यावर तो पिशव्यांत भरून कचऱ्याच्या खड्ड्यांत जाऊं लागला. खड्डे भरत आले, तेव्हां इलिनॉयनें १९९० मध्यें त्यालाहि मनाई केली. शेजाऱ्याच्या डोळ्याचें काय करावें याचा विचार जोन नासॉअर या विदुषीनें १९९५ सालीं केला. रान वाढवा, पण त्याच्या कडेनें कापलेल्या गवताची पट्टी ठेवा. म्हणजे पाहणाराला कळेल कीं येथें हयगय नाहीं, हेतु आहे. मेरिलंड संस्थानानें २०२१ मध्यें कायदा करून, रहिवाशांच्या संघांना हिरवळीची सक्ति करण्यास प्रतिबंध केला. कायद्याचा आणि डोळ्याचा हा समेट अजून पुरा झालेला नाहीं; अनेक गांवांत आजहि उंच वाढलेल्या ॲस्टरबद्दल नोटिसा निघतात. परंतु जें अंगण पूर्वीं ऋतु संपला म्हणून झाडून ठेवीत, तेंच आतां पुढच्या ऋतूचें बीं-बियाणें सांभाळणारें कोठार आहे, अशी समजूत त्या देशांत रुजूं लागली आहे. आणि एप्रिलांत घरट्यांतल्या चिकडीच्या पिलांना चारा मिळतो कीं नाहीं, हें त्या घरच्या माणसानें नोव्हेंबरांत काय केलें यावर पुष्कळसें ठरतें.