पत्र्याचं कातडं

नाटकाच्या ढाली रंगवायला येतात तेव्हा गिऱ्हाइकाची मागणी ठरलेली असते. गॅदरिंगची पोरं असोत, देखावेवाले असोत की जुनी नाटकमंडळी, सगळ्यांचं एकच: "पेंटर, सोनेरी करा, चकाचक." मी हो म्हणतो आणि डबा तपकिरीचा उघडतो. मावळ्याच्या हातात सोनेरी ढाल द्यायला माझा हात धजत नाही.

जुनी ढाल बहुतेक कातड्याची. गेंड्याचं किंवा म्हशीचं जाड कातडं कमावून गोल, फुगीर वळवायचं, काठ किंचित बाहेर मुरडायचा आणि वर रोगण चढवायचं. व्यास साधारण दीड-दोन फूट. पोलादी ढालीही होत्या, त्यांवर सोन्याची कोफ्तगरी, म्हणजे जडवलेली नक्षी असे, पण ती वस्तू बड्यांच्या हातातली. समोरची चार धातूची फुलं निव्वळ शोभेची नव्हेत. आतल्या मुठींच्या कड्या जिथे आरपार येतात, ती टोकं या फुलांखाली झाकली जातात. दोन्ही मुठी एकाच पंजात धरायच्या, बोटांच्या पाठीला गादी. आजचे ढालवाले कोपराजवळ एक पट्टा मारतात, तो इंग्रजी सिनेमातून आलेला. तशी ढाल आली की मी रंगाआधी मूठ बदलायला परत पाठवतो. शिव्या खातो.

आमच्या कोल्हापुरात या कामाला जुना वारसा आहे. बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून मेस्त्रीचे 'पेंटर' झाले. आनंदराव 1916 साली गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला आणि 1923 मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून 'सिंहगड'. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लालभडक वस्तू पडद्यावर कोळशासारखी काळी यायची, आकाशी निळी पांढुरकी व्हायची. सोनेरीचा सोनेरीपणा उरत नसे, फक्त चमक उरे, आणि वेड्यावाकड्या जागी उरे. अशा फिल्मसाठी रंगवायचं म्हणजे रंग विसरून उजेड-अंधाराचा हिशेब करायचा. चकाचकपणाचा सोस रंगीत सिनेमानं आणि झगझगीत दिव्यांनी आणला, असं माझं मत आहे.

नाटकातली ढाल मात्र पत्र्याची असते. पत्र्याचं कातडं करणं तसं अवघड नाही, चिकाटी लागते. जस्ताचा पत्रा असेल तर तो रंग धरत नाही, थोड्या दिवसांत पापुद्रे सुटतात. म्हणून आधी तेलकटपणा काढून व्हिनेगरनं पुसायचा, मग जस्ताला धरणारा प्रायमर. काळा पत्रा असेल तर गंज पॉलिश पेपरनं घासून रेड ऑक्साइड. दुसरा हात जाडसर द्यायचा आणि तो अर्धवट ओला असताना चिंधीचा बोळा टेकवत जायचं. वाळल्यावर कातड्यासारखी रवाळ पाठ मिळते. त्यावर काळपट तपकिरी, उंचवट्यांवर हलका पॉलिश पेपर आणि शेवटी मॅट वार्निश. फुलांना मात्र पितळी पावडर. तिच्यावर पातळ काळा फासून लगेच पुसला की खाचांत काळा राहतो आणि फूल जुनं वाटतं.

सगळ्यात जास्त डोकं खाते तानाजीची ढाल. सभासदाच्या बखरीत तिचा शेवट आहे: लढता लढता डाव्या हातातली ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, आणि तानाजीनं हाताचीच ढाल केली. त्यामुळे सिंहगडाच्या प्रयोगात एक ढाल रोज तुटावी लागते, आणि रोज जोडावीही लागते. ती दोन तुकड्यांत कापून मधे सोल्डरच्या डागाचे चार ठिपके देतो. फट मेणानं बुजवून वरून तपकिरी फिरवतो. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून उपयोग नाही, ती घट्ट बसते आणि नट बिचारा ढालीशी झटत राहतो. एकदा तुटली की कापलेली कड दिव्याखाली पांढरी लकाकते आणि पत्रा आहे हे शेवटच्या रांगेलाही कळतं. म्हणून जोडण्याआधी दोन्ही कडा आतून कातड्याच्या कापासारख्या पिवळट तपकिरी रंगवून घ्यायच्या. डागाच्या जागा तेवढ्या कोऱ्या सोडायच्या, कारण रंगावर डाग धरत नाही.