मेमरी, डिस्क आणि ४०० सेकंदांचा हिशोब

डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, "क्वेरी स्लो आहे, काय करू?" बहुतेक जण सांगतील, "मेमरी वाढव." कॉलेजपासून सगळ्यांच्या डोक्यात एक आकडा पक्का बसलेला असतो: मेमरी डिस्कपेक्षा लाख पट फास्ट. आकडा तसा खोटा नाही. रॅममधून चार बाइट उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कवरून १० मिलिसेकंद. करा भागाकार, लाखच येतो. पण नुसत्या या आकड्यावरून ट्यूनिंग होत नाही. हे लोकांच्या कसं लक्षात आलं, तो इतिहास भारी आहे. आणि त्यातला एक अंक चक्क आपल्या मुंबईत घडलाय.

आधी गोष्ट सोपी करून घेऊ. आमच्या कळंबकडे (यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणीचं कळंब) तलाठ्याला लोक अजून पटवारीच म्हणतात. सातबारा ऑनलाइन व्हायच्या आधी चालू कागद पटवाऱ्याच्या दप्तरात आणि जुनं रेकॉर्ड तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असायचं. दप्तरातला कागद हातासरशी निघायचा. रेकॉर्ड रूममधला हवा असेल तर अर्ज करा, बाबू गठ्ठा शोधणार, फडकं सोडणार, मग नक्कल. दप्तर म्हणजे रॅम, रेकॉर्ड रूम म्हणजे डिस्क. मग सगळंच दप्तरात का नाही ठेवायचं? अहो, मावणार कसं? म्हणजे खरा प्रश्न हा, की कोणता कागद जवळ ठेवायचा.

आता इतिहास. पहिली व्यावसायिक डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये आणली, रॅमॅक. २४ इंची ५० तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे आणि क्षमता ५० लाख अक्षरं. एक रेकॉर्ड मिळायला सरासरी ६०० मिलिसेकंद. पुढच्या पन्नासेक वर्षांत डिस्कची क्षमता अफाट वाढली, पण फेरे वाढून वाढून झाले १५,०००. फक्त साडेबारा पट! तबकडी फिरवायची आणि त्यावर दांडा सरकवायचा म्हणजे शेवटी यंत्रच ते. प्रोसेसर मात्र सुसाट पुढे गेला, आणि दोघांमधली दरी रुंदावत राहिली.

या दरीचा नीट हिशोब १९८७ मध्ये टँडम कंपनीतल्या जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी मांडला. त्यांनी "किती पट फास्ट" हा विषयच बाजूला ठेवला आणि एखाद्या मारवाड्यासारखा पैशाचा प्रश्न विचारला. तेव्हा डिस्ककडून सेकंदाला एक वाचन करून घ्यायची सोय साधारण २००० डॉलरला पडायची, आणि १ केबी मेमरी ५ डॉलरला. २००० भागिले ५ म्हणजे ४०० सेकंद. १ केबीचं रेकॉर्ड यापेक्षा लवकर लवकर लागत असेल तर मेमरीत ठेवणं स्वस्त, नाहीतर डिस्कवर असू दे. हाच तो प्रसिद्ध पाच मिनिटांचा नियम. १९९७ मध्ये ग्रे आणि गोएट्झ ग्रेफ यांनी नव्या किमती घालून पुन्हा गणित केलं. पान ८ केबीचं झालं होतं, तरी उत्तर पाच मिनिटांच्या आसपासच आलं!

आता मुंबईत येऊ. ३ नोव्हेंबर १९९४ ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने शेअर्सचा व्यवहार सुरू केला. तेव्हा बीएसईच्या रिंगणात ब्रोकर ओरडून सौदे करत होते. एनएसईचे ब्रोकर मात्र गावोगावी, उपग्रहाच्या व्हीसॅट लिंकवर. आणि मुंबईतल्या सर्व्हरवर 'नीट' नावाची सिस्टीम. तिची मुख्य गंमत म्हणजे सौद्यांची सगळी माहिती मेमरीतल्या डेटाबेसमध्ये!

इथे एक शंका यायला हवी. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद. मग डिस्कच्या १० मिलिसेकंदांनी कुणाचं काय बिघडणार होतं?

एकट्या ब्रोकरचं काहीच नाही. पण रांग बघा. समजा, एका ऑर्डरला डिस्कची चार वाचनं लागली, म्हणजे ४० मिलिसेकंद. एकाच शेअरच्या १०० ऑर्डर एकदम आल्या, तर शेवटच्याला ४ सेकंद थांबावं लागणार. जास्त डिस्क लावूनही पुरता उपाय नाही, कारण नियम आहे आधी भाव, मग वेळ. एकाच शेअरमध्ये आधीची ऑर्डर जुळवल्याशिवाय पुढची घेता येत नाही. त्या ४ सेकंदांत भाव कुठल्या कुठे! उपग्रहाचा उशीर प्रत्येकजण आपापला भोगतो, डिस्कचा उशीर मात्र रांगेत साठत जातो. नियमात बसवलं तर ही माहिती ४०० सेकंदांत नाही, क्षणाक्षणाला लागते. मेमरीचा पैसा वसूल.

पण वीज गेली की रॅम कोरी. म्हणून एनएसईने स्ट्रॅटसची मशीन घेतली, ज्यात महत्त्वाचा प्रत्येक भाग जोडीने असतो. एक गेला तरी दुसरा चालूच. वर्षभरात एनएसईने उलाढालीत बीएसईला मागे टाकलं. श्रेय एकट्या मेमरीचं नाही, व्हीसॅट आणि पारदर्शक भावांचंही आहेच. १९९५ मध्ये बीएसईनेही 'बोल्ट' आणलं, जे पुढे बरीच वर्षं चाललं टँडमच्याच मशीनवर!

शेवटचा ट्विस्ट ओरॅकलवाल्यांसाठी. २००० नंतर कॅरी मिलसॅप यांनी दाखवून दिलं, की डेटाबेसचं मेमरीतलं वाचनसुद्धा फुकट नसतं. ब्लॉक शोधा, लॅच घ्या, बाकीचे थांबलेत तर तुम्हीही थांबा. त्यामुळे प्रत्यक्षातला फरक पुस्तकी आकड्यापेक्षा कितीतरी कमी. क्वेरी दहा ओळींसाठी दहा लाख ब्लॉक चाळत असेल, तर कॅशे हिट रेशो ९९ टक्के दिसेल आणि युजर तरीही शिव्या घालेल. पटवाऱ्याने एका सातबाऱ्यासाठी अख्खं दप्तर उलटंपालटं केलं तर वेळ लागणारच ना?

आज एनव्हीएमई एसएसडीवर वाचन १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास आलंय, म्हणजे फिरत्या डिस्कच्या शंभरपट फास्ट. आकडे बदलले, प्रश्न तेच राहिले: हा डेटा किती वेळा लागतो, त्याच्यासाठी रांगेत कोण उभं आहे, आणि मुळात एवढा वाचायची गरज आहे का? या तिन्हींची उत्तरं हातात असतील, तर मग खुशाल रॅमची ऑर्डर द्या.