ड्रॉइंगचा तास

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकला आली ती कुणाच्या कलाप्रेमापोटी, असा समज असेल तर तो आधी सोडून द्यावा. ती आली कारखान्याच्या वाटेने. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात ड्रॉइंगचा शिक्षक म्हणून मी उभी हयात काढली. तेवढ्या काळात पालकांनी, सहकाऱ्यांनी, तपासणीला आलेल्या साहेबांनीही एकच प्रश्न विचारला, "सर, चित्र काढून पुढे उपयोग काय?" निवृत्तीनंतर सवड मिळाली तशी मी माझ्या विषयाची वंशावळ धुंडाळली. गंमत अशी की या प्रश्नाला प्रत्येक पिढीने ठणठणीत उत्तर दिलेले आहे. फक्त दर पिढीचे उत्तर निराळे.

पहिले उत्तर सापडते 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात. जगभरचा माल तिथे काचमहालात मांडला होता. इंग्रजी यंत्रमालावरची नक्षी पाहून तिथल्याच जाणकारांनी नाके मुरडली आणि हिंदुस्थानातले कापड, शाली, धातुकाम पाहून वाहवा केली. ओवेन जोन्स हा त्यांतला एक. 1856 मध्ये त्याने देशोदेशीच्या नक्षीचा जो ग्रंथ काढला, त्यात आपल्या नक्षीला मानाची जागा आहे. माल सुधारायचा तर काम करणाऱ्याचा हात आणि डोळा आधी वळवला पाहिजे, हा धडा घेऊन हेन्री कोल याने साउथ केन्सिंग्टनला शिक्षणाची एक पद्धत बसवली. आधी सरळ रेघ, मग वक्र रेघ, मग छापील नक्षीची नक्कल, मग प्लॅस्टरच्या पुतळ्यांची. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढायची नाही.

हीच पद्धत बोटीत बसून मुंबईला उतरली. जमशेटजी जीजीभाईंनी 1853 मध्ये कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले होते, ते हुन्नर आणि उद्योग वाढावेत म्हणून. 1857 च्या मार्चमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलाशाळेचे, म्हणजे जे. जे.चे, वर्ग भरू लागले. 1865 मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग शिकवायला आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईतच त्याला मुलगा झाला, तो रुडयार्ड. किपलिंग आणि त्याचा सहकारी जॉन ग्रिफिथ्स यांनी मुलांना माती, दगड, लोखंड यांना हात घालायला लावले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पे किपलिंगने आखलेली. बोरीबंदर स्टेशनाच्या दगडातली पाने, पक्षी, प्राणी ही ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलेली कामगिरी. आज त्या नक्षीखालून माणसे लोकल पकडायला धावतात, मान वर करायला कुणाला फुरसत नाही. पण 'उपयोग काय' याचे उत्तर तेव्हा असे चक्क दगडात दिले गेले.

दुसरे उत्तर सरकारी आहे. चित्रकला एक विषय म्हणून शिकवायला 1879 मध्ये सुरुवात झाली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर तेव्हा सर रिचर्ड टेम्पल. त्यांनी पुढे ग्रंथात नोंदवलेले मत वाचले की रागही येतो आणि हसूही. इथल्या लोकांना समोरची वस्तू जशीच्या तशी काढणे कधी जमलेच नाही, ते शिकवले तर त्यांच्या मनाचे काही दोष सुधारतील आणि निरीक्षण तीक्ष्ण होईल, असा साहेबांचा हिशेब. नेमक्या त्याच काळात, 1872 ते 1885 या वर्षांत, ग्रिफिथ्स पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन निजामाच्या मुलखात अजिंठ्याच्या भिंतींपुढे बसला होता आणि तिथल्या चित्रांच्या नकला करत होता. ज्यांना काढता येत नाही असे गव्हर्नर म्हणत होते, त्यांच्याच पूर्वजांचे काम पाहून गव्हर्नरांच्या कलाशाळेचा प्रमुख थक्क झाला होता. त्या नकलांपैकी बऱ्याचशा पुढे 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत जळाल्या.

तरी टेम्पलसाहेबांच्या बोलण्यातला एक शब्द मी टाकून देत नाही, तो म्हणजे निरीक्षण. त्याकडे पुढे येतो.

1893 मध्ये जे. जे.त ड्रॉइंगचे शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. माझ्या धंद्याचा जन्म तो. त्याच्या तीन वर्षे आधी कोल्हापूरहून महादेव विश्वनाथ धुरंधर नावाचा तरुण तिथे शिकायला आला होता. तो तिथेच शिक्षक झाला आणि 1931 पर्यंत तिथेच राहिला. धुरंधरांच्या आत्मचरित्राचे नावच 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे'. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर जे. जे.त शिकले आणि 1908 मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची संस्था काढली. असे शिकवणारे हात वाढत गेले, तसा हा विषय मुंबईबाहेर झिरपू लागला.

पण विषय तालुक्याच्या गावी पोचवला तो ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षांनी, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटने. कलेची परीक्षा कसली घ्यायची, म्हणून या परीक्षांना नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. फ्रीहँडच्या पेपरात आमच्या आधीच्या पिढ्यांनी अकँथस नावाच्या ग्रीक झाडाची पाने गिरवली. ते झाड ना त्यांनी पाहिले, ना त्यांच्या गुरुजींनी. मात्र परीक्षा होती म्हणून गावात केंद्र होते, केंद्र होते म्हणून शाळेला ड्रॉइंगचा मास्तर ठेवावा लागे. भूमितीच्या पेपराने कितीतरी सुतार, ड्राफ्ट्समन, मिस्त्री घडवले आणि अक्षरलेखनाने पाट्या रंगवणारे पेंटर. आमच्या बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर अजूनही मला एलिमेंटरीचे वळण ओळखू येते.

आता निरीक्षणाकडे येतो. वस्तुचित्राच्या तासाला वर्गाच्या मध्यभागी स्टूल, स्टुलावर चादर, चादरीवर पितळी तांब्या आणि शेजारी दोन वांगी. मुले भोवतीने बसलेली. पहिल्या खेपेला आठवीतली जवळजवळ सगळी मुले तांब्याचे तोंड वाटोळे गरगरीत काढतात आणि बूड पट्टीने आखल्यासारखे सरळ. का? तांब्याचे तोंड गोल असते हे त्यांना माहीत असते आणि स्टूल सपाट आहे हेही माहीत असते. ती समोरचा तांब्या काढतच नाहीत, डोक्यातला काढतात. मग एकेकाला उठवायचे. हात ताठ धर, एक डोळा मीट, पेन्सिलीवर अंगठा सरकवून तोंडाची रुंदी घे, आता तीच पेन्सिल उभी धरून उंची घे. तोंड गोल दिसतंय की लंबगोल? मग बूड सरळ कसं? खाली बसून बघ, उभा राहून बघ. वस्तू डोळ्याच्या पातळीपासून जितकी खाली, तितका लंबगोल फुगतो. म्हणून बुडाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा जास्त हवा. हे हातात उतरायला कुणाला पंधरवडा लागतो, कुणाला सहामाही जाते.

त्यानंतर हमखास भांडण. "सर, याचं चुकलंय, सावली या बाजूला आहे." शेजारचा खिडकीकडून बसलेला असतो, त्याला सावली दुसऱ्या अंगाला दिसते. दोघांचेही बरोबर. गणिताच्या तासाला चाळीस मुलांचे उत्तर एक यावे लागते. इथे तांब्या एक आणि बरोबर उत्तरे चाळीस, पण प्रत्येकाला आपापल्या जागेवरून ते सिद्ध करावे लागते. मनाला येईल ते काढले तर चालत नाही. आपल्याला ठाऊक असलेले आणि डोळ्यांना दिसणारे यांत फरक असतो, आणि शेजाऱ्याला दिसणारे आपल्याहून वेगळे असूनही खरे असू शकते, हे शाळेत दुसऱ्या कुठल्या तासाला शिकवतात ते मला सांगा.

स्मरणचित्राचेही तेच. डोंगर काढायला सांगा, राज्यभरातले कुठलेही पोर दोन त्रिकोण काढते, मधून सूर्य, पायथ्याला उतरत्या छपराचे घर. आमच्या वर्गाच्या खिडकीतून सह्याद्री दिसतो आणि त्याचे माथे सपाट आहेत. कड्यांचे आडवे थर दिसतात, खाली उतरण. रोज ते पाहणाऱ्या मुलांच्या कागदावर मात्र कॅलेंडरातला डोंगर. मी वर्ग मैदानात न्यायचो आणि ज्याचा डोंगर त्रिकोणी त्याला समोर बोट दाखवून विचारायचो, "असा शेंडा कुठं आहे, दाखव." शेंडा सापडायचा नाही.

तिसरे उत्तर आपल्या लोकांनी दिले. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार पुढे आला. सेवाग्रामच्या शाळेत 1944 च्या सुमाराला शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद कलाशिक्षक म्हणून आले. मुलाला नकला करायला न लावता त्याच्या वाढीचे साधन म्हणून चित्र त्याच्या हाती द्यावे, असे त्यांनी तिथे करून पाहिले आणि त्यावर पुस्तकही लिहिले. विचार सोन्यासारखा. पण तो सेवाग्रामच्या आवाराबाहेर फारसा पसरला नाही, कारण त्यासाठी लागणारा शिक्षक सरकारने गावोगाव नेमला नाही. आमच्याकडे पोचली ती परीक्षाच. 1965 मध्ये कला संचालनालय स्थापन झाले. आज तेच त्या परीक्षा घेते.

आणि चौथे, आजचे उत्तर. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण जादा, ब ला 5, क ला 3. विषयाचा उपयोग आता आकड्यात सांगता येतो. त्यामुळे परीक्षेला गर्दी आहे, पण शाळेतला ड्रॉइंगचा मास्तर घटतो आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर मुले असतील तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक, अशी तरतूद आहे. म्हणजे मोठ्या शाळेतही अर्धाच माणूस, आणि शंभराच्या आतल्या शाळेत तर तेवढ्याचाही आग्रह नाही. मी निवृत्त झालो तेव्हा माझी जागा भरली गेली नाही. माझा तास कुणाकडे गेला म्हणाल, तर ज्याचे वेळापत्रक रिकामे होते त्याच्याकडे. तसा तो माझ्या नोकरीच्या काळातही सहामाही जवळ आली की गणिताला उसना जायचाच. मला मात्र गॅदरिंगचा पडदा, सव्वीस जानेवारीची रांगोळी आणि फळ्यावरचा सुविचार कधी चुकला नाही.

शाळेत शिक्षक नाही म्हणून मुले बाहेरच्या क्लासला जातात. पेपर तपासायला बसलो की एकाच केंद्रावरचे गठ्ठे ओळखू यायचे. आठवडी बाजाराच्या चित्रात तीच टोपलीवाली, तीच फाटकी छत्री, डाव्या कोपऱ्यात तोच फुगेवाला. स्मरणचित्र पाठ करून आलेले! दीडशे वर्षांपूर्वी अकँथसचे पान गिरवत होते, आता क्लासच्या सरांचा फुगेवाला गिरवतात. साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीत जे वाईट होते, म्हणजे नक्कल, ते आपण जपले. जे चांगले होते, म्हणजे रोज समोर वस्तू ठेवून पाहायला लावणारा शिक्षक, तो घालवला.

म्हणून मला परीक्षा बंद करा असे म्हणायचे नाही आणि गुण वाढवा असेही नाही. आठवड्याला दोन तास, ते कुणी उसने नेणार नाही असे, आणि ते घेणारा पूर्णवेळ शिक्षक, एवढे प्रत्येक हायस्कुलात असले की बाकीचे आपोआप मार्गाला लागते. मुले चित्रकार होणार नाहीत. माझीही चारदोन सोडली तर कुणी झाली नाहीत. शेतीत आहेत, एसटीत आहेत, एक पोरगी नर्स आहे. पाहणे सगळ्यांनाच लागते.

तुमच्या गावच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर किंवा बाई निवृत्त झाल्या असतील, तर ती जागा भरली का, हे एकदा जाऊन विचारा. भरली नसेल तर का नाही, ते लेखी मागा.