शाळेतील कीडनियंत्रण : फवारणी शेवटी

पावसाळ्यात पालघर, बोईसर-तारापूर परिसरातील शाळांमध्ये डास, झुरळे, उंदीर यांचा बंदोबस्त करावा लागतो. वजनाच्या मानाने मुले मोठ्यांपेक्षा अधिक हवा श्वासावाटे घेतात. त्यामुळे फवारणीचा धोका त्यांना अधिक. एकात्मिक कीडनियंत्रणात प्रथम किडीचे अन्न, पाणी व आसरा तोडला जातो. पोषण आहाराचे धान्य झाकणाच्या पिंपात ठेवावे, भेगा बुजवाव्यात, खिडक्यांना जाळी लावावी. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. औषध अपरिहार्यच ठरले, तर ते सुटीत वापरावे आणि डबे स्वयंपाकघरापासून दूर, कुलपात ठेवावेत. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात मोनोक्रोटोफॉस मिसळलेल्या शालेय भोजनाने २३ मुलांचा बळी घेतला होता.